काकांचा राखीव यष्टिरक्षक

गारखेड्यात भाड्याचं घर बघायला गेलो, तेव्हा घरमालक काकांनी मला पगार विचारला नाही, गाव विचारलं नाही, घरात मटण शिजतं का हेही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "पावसाळ्यात वलं कपडं घरात वाळत घालता का?"

मी बायकोकडे बघितलं. आमच्या घरात कपडे कुठे वाळतात हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही ठाऊक नव्हतं. ते वाळून, घडी होऊन कपाटात येतात एवढीच माझी माहिती. तिनं सांगितलं की गच्ची असेल तर गच्चीत, नाहीतर जिन्याखाली. काकांनी मान डोलावली आणि दुसरा प्रश्न मला केला, "चारचाकी हाये का?"

होती. म्हणजे चार चाकं होती. मागची दोन्ही दारं आतून उघडत नसत, पण ते मी सांगितलं नाही. काकांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि आम्ही वरच्या मजल्यावर राहायला आलो.

त्यांना दमा असावा असा माझ्या बायकोचा अंदाज होता. नाहीतर ओलीला एवढं कोण घाबरतं? तिनं पहिला पावसाळाभर त्यांना आल्या-तुळशीचा काढा नेऊन दिला. काका तो मुकाट्यानं प्यायचे आणि कप स्वतः धुऊन वर आणून द्यायचे. दिवाळीला फराळाचं ताट घेऊन मी खाली गेलो, तेव्हा त्यांचं लोखंडी कपाट उघडं होतं आणि दमा कुणाला आहे ते मला कळलं. दमा त्या कपाटाला होता. आतल्या प्रत्येक कप्प्यात औषधाच्या बाटल्यांतून आणि बुटांच्या खोक्यांतून निघणाऱ्या, ओल शोषून घेणाऱ्या पांढऱ्या पुड्या ओळीनं मांडलेल्या होत्या. आणि त्या पुड्यांच्या पहाऱ्यात क्रिकेटपटूंची चित्रं.

तुम्ही माझ्या वयाचे असाल तर तुम्हाला ती आठवतील. बबलगमच्या पाकिटात यायची. गम तोंडात जायचा, चित्र खिशात जायचं. खिशातून ते खेळात जायचं, खेळातून सायकलच्या तारांमध्ये, म्हणजे सायकल फटफटीसारखी वाजायची. आमच्या पिढीनं ती अशी संपवली. आणि चिकलठाण्याच्या एका कारखान्यात सगळा जन्म माल तपासण्यात घालवलेला हा माणूस निवृत्तीनंतर ती गोळा करत होता. तीही साधी नव्हे, बंद पाकिटातली.

"बंदच का?" मी विचारलं.

"तुमच्यासारख्यांचा हात लागलेला नसतो म्हणून," काका म्हणाले.

मग त्यांनी मला शिकवलं. चित्राचे चार कोपरे टोकदार पाहिजेत, कडा झिजलेल्या नकोत, पाठीवर गमचा डाग नको आणि चारी बाजूंनी पांढरी पट्टी सारखी सुटलेली पाहिजे. अमेरिकेत अशा चित्रांना गुण देणाऱ्या कचेऱ्या आहेत म्हणे. तुम्ही चित्र पाठवायचं, ते दहापैकी गुण देतात आणि प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करून परत पाठवतात. काका मात्र कुणाकडे पाठवायच्या आधी स्वतःच तपासायचे. कारखान्यातून निवृत्त होताना साहेबांनी त्यांना मानाची शाल देऊ केली, ती त्यांनी नाकारली आणि त्याऐवजी रोज हाताळलेला व्हर्नियर, म्हणजे केसाएवढं अंतर मोजायची पट्टी, मागून घेतला. त्या व्हर्नियरनं ते चित्राची पांढरी पट्टी मोजायचे. डावीकडची, उजवीकडची, वरची, खालची. मी टीव्हीवर अख्खी मॅच बघतो, तेवढा वेळ एका फलंदाजाच्या कडेला.

ही सवय घराबाहेरही जायची. आमच्या कॉलनीतल्या एकानं मुलीच्या लग्नाची पत्रिका आणून दिली. काकांनी ती हातात घेतली, डोळ्याजवळ नेली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. बिचारा वधूपिता उभा. त्याला वाटलं मुहूर्तात काही खोट आहे.

"डावीकडं जास्त सुटलंय," काका म्हणाले.

"काय सुटलंय?"

"कागद. कापणाऱ्याचं लक्ष नव्हतं." आणि मग त्याचा चेहरा बघून सारवासारव केली, "लग्न चांगलं व्हईल. छपाईचं मी बोलू राहिलो."

माझ्या बायकोनं नवी चप्पल आणली की काका जिन्यात भेटून अभिनंदन करायचे आणि खोक्यातली पुडी मागून घ्यायचे. काकू म्हणायच्या, "लोकांच्या घरी नवं काय आलं ते ह्यांना पुडीवरून कळतं." काकूंचं त्या कपाटाशी वैर नव्हतं, पण सख्यही नव्हतं. त्या त्याला 'चिंगमचा संसार' म्हणत आणि झाडू मारताना कपाटाच्या खालून मारत, कपाटाला न शिवता. जावेला नावं न ठेवता तिच्या अंगणातून जावं तसं.

गाडीचा खुलासा मला लवकरच झाला. बंद पाकिटं काही दुकानाच्या काचेत नसतात. ती असतात तालुक्याच्या आणि खेड्याच्या जुन्या किराणा दुकानांत, पोटमाळ्यावर, न खपलेल्या मालात. तिथं जायला काकांना गाडी हवी होती आणि गाडीला चालक. माझी या छंदातली एकूण पात्रता एवढीच.

काकांची पद्धत ठरलेली होती. बाजाराच्या दिवशी जायचं नाही. दुपारी, दुकानदार पेंगत असतो तेव्हा जायचं. आधी साबण घ्यायचा, मग चहापत्ती, मग जरा टेकू का म्हणून बाकावर बसायचं. पाऊसपाणी विचारायचं. मग आढ्याकडे बघत म्हणायचं, "माळा मोठा हाये तुमचा." दुकानदार सांगायला लागतो की वडिलांच्या वेळचा काय काय माल वर पडला आहे, आणि तिथून पुढे काका शिडीवर. या पद्धतीमुळे आमच्या दोन्ही घरांत साबण कधी विकत आणावा लागला नाही.

सोयगावला मात्र काकांनी पद्धत मोडली. तिथल्या एका शेटजींची ओळख निघाली, तर काकांनी सरळ फोन करून विचारलं. शेटजी म्हणाले, "आहेत की, बरणीभर आहेत. काढून ठेवतो." आम्ही सकाळीच निघालो. सिल्लोड मागे पडलं आणि फर्दापूरला काकांनी खिडकीवर ताल धरला. माणूस खुशीत असला की किती लहान दिसतो हे मी शेजारून बघत होतो.

शेटजींनी खुर्च्या टाकल्या, चहा सांगितला आणि गल्ल्याखालून चित्रांचा गठ्ठा काढून काकांच्या हातात दिला. रबरबँड लावलेला. घट्ट.

काकांनी हलक्या आवाजात विचारलं, "पाकिटं?"

"फोडली ना समदी," शेटजी म्हणाले. "चिंगम पार दगड झाल्तं. गिऱ्हाइकाला खराब माल देणं आपल्याला जमत नाय. पोरीला आन् सुनेला बसवलं रात्री, खराब समदं फेकलं आन् चित्रं तेवढी पुसून ठेवली. वल्या फडक्यानं."

तुम्ही त्या दुकानात असता तर तुम्हालाही रागावता आलं नसतं. त्या माणसाच्या तोंडावर इतका चांगुलपणा होता. काकांनी गठ्ठा दोन्ही हातांनी घेतला, चहा प्यायला, शेटजींच्या सुनेलाही तकलीफ दिल्याबद्दल आभार सांगितले, साबण घेतला. गाडीत बसल्यावर त्यांनी रबरबँड काढला. सगळ्यात वरच्या चित्राच्या कोपऱ्यांना कंबरेत वाकल्यासारखा बाक आला होता. घाट चढून होईस्तोवर ते एकेक चित्र उलटून पाठ बघत होते. मग म्हणाले, "पाठीमागून तरी पुसायचं नव्हतं."

त्या गठ्ठ्यात त्यांना हवं असलेलं चित्रही होतं, म्हणून तर जास्त लागलं.

हवं असलेलं म्हणजे राखीव यष्टिरक्षकाचं. त्या मालिकेतले बाकीचे सगळे खेळाडू काकांच्या कपाटात अगदी निर्दोष अवस्थेत होते. मोठमोठे फलंदाज, वेगवान गोलंदाज, सगळे. कारण मोठ्या खेळाडूंची चित्रं पोरांनीही जपली होती. हा एक यष्टिरक्षक असा, की जो संघाबरोबर सगळीकडे गेला आणि मैदानात क्वचितच उतरला. त्याचं चित्र कुणी जपलं नाही. सायकलच्या तारांत तोच जायचा, पत्त्यांचा बंगला बांधताना खालच्या मजल्याला तोच असायचा. त्यामुळे आता तोच मिळत नव्हता. त्यात पाकिटात भरताना त्याचा नंबर नेमका शेवटी यायचा, म्हणजे थेट गमला चिकटून. बंद पाकिटात मिळाला तरी पाठीवर तपकिरी डाग ठरलेला. कपाटात त्याची एक मोकळी जागा ठेवलेली होती, जेवायला यायच्या माणसाचं पान मांडून ठेवावं तशी. काकांना आता आयुष्यात दुसरं काही जमवायचं नव्हतं. हा एक माणूस, चारी कोपऱ्यांसकट.

देवगाव रंगारीला आम्ही खरं तर ठरवून गेलोच नव्हतो. वेरूळच्या पुढे एका साखरपुड्याला गेलो होतो आणि येताना काकांना साबण घ्यावासा वाटला. दुकान नावापुरतं चालू होतं. मालकीणबाई, काकांच्याच वयाच्या, जोंधळे पाखडत बसल्या होत्या. साबण झाला, चहापत्ती झाली, पाऊसपाणी झालं. काकांनी आढ्याकडे बघितलं. आढं पत्र्याचं, माळाच नव्हता. काका उठलेच होते, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "खरं काय पायजे ते सांगा की. साबणाची वडी घेऊन तुम्ही तिचा वास नाय घेतला, नुसती आढ्याला नजर."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा काकांची चोरी पकडली गेली होती. त्यांनी सांगून टाकलं. बाई आत गेल्या आणि गोधड्यांच्या पत्र्याच्या पेटीतून एक खोका घेऊन आल्या. पूर्ण. सील न तुटलेला. मालकांनी हौसेनं आणला होता, ते गेले, आणि त्यांनी शेवटी आणलेला माल म्हणून बाईंनी तो विकला नव्हता. कोरड्या पेटीत, कडुनिंबाच्या पाल्यात, गोधड्यांच्या मध्ये. मी काकांकडे बघितलं. ते चक्क रुमालानं तळवे कोरडे करत होते.

"एवढं मोठं मानूस तुम्ही," बाई म्हणाल्या, "पोरांची चित्रं कशाला पायजेत?"

मला वाटलं काका कोपरे-कडा सुरू करतील. ते म्हणाले, "माल तपासायचं काम होतं माझं. चांगला नग हातात आला की शिक्का मारायचा आन् पुढं सरकवायचा. गेटाबाहेर. माझ्या टेबलावर उरायचा तो फक्त खराब. जन्मभर टेबल खराब नगांनी भरलेलं. एक तरी चांगला आपल्याजवळ ऱ्हावा, एवढंच."

बाईंनी खोका पुढे केला. छापलेल्या किमतीवर एक पैसा घ्यायला त्या तयार नव्हत्या. फक्त म्हणाल्या, "त्यांनी आणलेला. फोडाल तवा नीट फोडा."

आता प्रश्न आला फोडायचा की नाही. या छंदातल्या एका पुण्याच्या गृहस्थांचा फोन आला, त्यांना बातमी कशी लागली देव जाणे. अख्खा बंद खोका त्यांना हवा होता, काका म्हणतील त्या भावाला. फोडला की त्याची शान गेली, असं ते समजावत होते. काकांनी फोन ठेवल्यावर मी भोचकपणे म्हटलं, की ते म्हणतात त्यात तथ्य आहे. बंद राहिला तर आत सगळेच निर्दोष आहेत असं मानता तरी येतं.

"मानायचं कशाला?" काका म्हणाले. "आत काय हाये ते बघायचंच नसंल तर खोका काय आन् वीट काय."

मग रविवारचे चहा सुरू झाले. दर रविवारी सकाळी आम्ही दोघं खाली जायचो आणि काका एक-दोन पाकिटं फोडायचे. टेबलावर पांढरं धुतलेलं धोतर अंथरलेलं. पंखा बंद, मे महिन्यातही. हात धुऊन, कोरडे करून, पुन्हा कोरडे करून. कात्री नाही, ब्लेड नाही. मेणकागदाच्या घडीखालून शिवणाचा दोरा सरकवून ते पाकीट उघडायचे. त्याआधी पाकीट कानाशी धरून हलवायचे. आत गम वाजायचा, बांगडीच्या तुकड्यासारखा. आम्ही श्वास धरून बसायचो. माझी बायको, जी माझ्या ऑफिसातली कुठलीही गोष्ट शेवटपर्यंत ऐकत नाही, ती रविवारी पहाटे उठून केस धुऊन तयार असायची.

यष्टिरक्षक यायचा. अधूनमधून यायचाच. काका त्याला चिमट्यानं उलटा करायचे आणि पाठीवर तो तपकिरी चौकोन. एकदा डाग फिका होता, तर पट्टी डावीकडे सरकलेली. एकदा पट्टी बरोबर, तर कोपरा दबलेला. काका प्रत्येक वेळी एवढंच म्हणायचे, "नाय." कारखान्यात म्हणत असतील तसं, राग न धरता. पण खोका रिकामा होत चालला, तसा त्या 'नाय'चा आवाज बारीक होत गेला. काकू स्वयंपाकघरातून बाहेर यायच्या नाहीत. मात्र मी बघत होतो, पाकीट फोडायच्या वेळेला आतलं पोळ्या लाटणं थांबायचं.

एक पाकीट काकांनी सुरुवातीलाच बाजूला काढलं होतं, कारण ते वाजत नव्हतं. कानाशी धरून हलवलं तरी आवाज नाही. आत ओल शिरून गम विरघळला असणार, चित्रांची वाट लागली असणार, असा त्यांचा निष्कर्ष. सगळ्यात शेवटी तेच उरलं. त्या रविवारी काकांना ते फोडायचंच नव्हतं. ते म्हणाले, खराब आहे ते दिसतंच आहे. माझ्या बायकोनं त्यांना आठवण करून दिली, की बघितल्याशिवाय मानायचं कशाला. काकांनी दोरा घेतला.

आत गम नव्हताच. विरघळला नव्हता, घातलेलाच नव्हता. कुठल्या तरी कारखान्यात, कुठल्या तरी पाळीत, कुण्या कामगाराचा हात चुकला होता आणि हे पाकीट गमशिवायच पुढे सरकलं होतं. काकांनी शेवटचं चित्र चिमट्यानं उचलून उलटं केलं. पाठ पांढरी. सुलटं केलं. राखीव यष्टिरक्षक, हात कमरेवर, आम्हा सगळ्यांकडे बघत.

व्हर्नियर लागला. डावी, उजवी, वर, खाली. पुन्हा डावी. भिंग फिरलं, चारी कोपऱ्यांवरून. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "त्या तपासनिसाचं लक्ष नव्हतं. बरं झालं."

ते उठले. त्याच्यासाठी आणून ठेवलेली प्लास्टिकची डबी आतल्या खोलीत, कपाटात होती. जाताना मला म्हणाले, "भाऊ, नजर ठेवा. श्वास पण तिकडं सोडू नका." मी नजर ठेवली. आयुष्यात इतक्या निष्ठेनं मी कशावर नजर ठेवली नसेल. त्यामुळेच पुढचं सगळं मला इतकं जवळून दिसलं.

स्वयंपाकघरातून काकू आल्या. पदर डोक्यावरून घेतलेला, हातात निरांजनाचं ताट. त्यांनी आतून सगळं ऐकलं होतं. आमच्याकडे नवी फटफटी दारात आली, नवा फ्रीज आला, नवी सून आली, की बाई जशी बाहेर येते तशाच त्या आल्या. आणि मी तोंड उघडायच्या आत, हळदीत बोट बुडवून, मग कुंकवात बुडवून, त्यांनी त्या यष्टिरक्षकाच्या कपाळावर टेकवलं. कुंकू तेलात कालवलेलं, ओलं होतं.

माझ्या बायकोनं तोंडावर हात धरला. मी अजूनही श्वास धरून होतो.

काका डबी घेऊन दारात उभे. त्यांनी टेबलाकडे बघितलं, मग ताटाकडे, मग काकूंकडे. काकूंचं तोंड आनंदानं फुललेलं होतं. "आला ना एकदाचा तुमचा पाहुणा," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं वाट बघू राहिले. तसाच कोरडा कसा घरात घ्यायचा?"

मला वाटलं आता कपाट पडणार, घर पडणार. काका टेबलापाशी आले. बसले. भिंग उचलून चित्रावर धरलं आणि बघत राहिले. लाल ठिपक्याखाली हळदीची पिवळी कडा उमटली होती, आणि पाठीमागे तेल उतरलं असणार हे मलाही कळत होतं. काकूंचं हसू जरासं अडखळलं.

"काय बघता एवढं?" त्यांनी विचारलं. "नीट लागलं नाय का?"

काकांनी भिंग खाली ठेवलं. काकूंकडे बघितलं, आमच्यासमोर त्यांनी तसं बघितलेलं मी तोवर कधी पाहिलं नव्हतं.

"लागलंय," ते म्हणाले. "बरोबर मधोमध लागलंय. अक्षता राहिल्या तेवढ्या. आण. आन् येताना माझी टोपी घेऊन ये."